मदत हवी आहे: मधुमेह नसताना अटॅकनंतर साखरेची गोळी का?

काका, वय ६४, पुणे. मागच्या आठवड्यात मोठा अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली. ईएफ (हृदयाची रक्त पंप करण्याची क्षमता) ३८ टक्के, क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) १.३. मधुमेह नाही, तरी डिस्चार्ज कार्डावर डापाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ ही साखरेची गोळी आहे. नातेवाईक म्हणतात, गाउटची (सांधे सुजण्याच्या आजाराची) कोल्चिसीनही सुरू करा. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
डापाग्लिफ्लोझिन चुकून लिहिलेली नाही. ती लघवीवाटे साखरेबरोबर मीठ-पाणीही बाहेर काढते, म्हणून हृदयावरचा भार हलका होतो. मधुमेह नसलेल्याची साखर तिने सहसा घसरत नाही. याच गटातली एम्पाग्लिफ्लोझिन २०२४ च्या एम्पॅक्ट-एमआय चाचणीत अटॅकच्या ६,५२२ रुग्णांवर तपासली. मृत्यूंत ठळक फरक पडला नाही, पण हार्ट फेल्युअरमुळे (हृदय नीट पंप न करू शकल्याने) भरती होण्याचं प्रमाण ४.७ टक्क्यांऐवजी ३.६ टक्के राहिलं. ईएफ ३८ असताना हा फायदा सोडू नये.

जपायचं ते पाण्याचं. जुलाब-उलट्या झाल्या किंवा आषाढीचा निर्जळी उपास धरला, तर बीपी आणि किडनी दोन्ही अडचणीत येतात. अशा दिवसांत गोळी थांबवायची का, हे आत्ताच डॉक्टरांकडून लिहून घ्या. ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी ती बंद करतात. जांघेत, लघवीच्या जागी खाज सुटली तर ती बहुधा बुरशी असते. लाजून लपवू नये.

प्रतिसाद २
कोल्चिसीन स्वतःहून अजिबात नको. २०१९ च्या कोलकॉट चाचणीत अटॅकच्या रुग्णांपैकी रोज ०.५ मिग्रॅ घेणाऱ्यांत हृदयाचे पुढचे त्रास ७.१ ऐवजी ५.५ टक्के दिसले, तेव्हा फार आशा वाटली होती. पण २०२४ च्या क्लिअर चाचणीत, ७,०६२ रुग्णांत, कोल्चिसीन घेणाऱ्यांत ९.१ टक्के आणि न घेणाऱ्यांत ९.३, म्हणजे फरक नाहीच.

आणि खरा धोका वेगळाच आहे. घशाच्या संसर्गासाठी किंवा पोटातल्या एच. पायलोरी जंतूसाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, तर कोल्चिसीन शरीरात साचते. किडनी मंद असेल तर जिवावर बेततं. केमिस्टकडे आधीच्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा.

धागाकर्ता
आभार! पुढच्या व्हिजिटला काय विचारू?

प्रतिसाद १
क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा कधी करायचं आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी. अटॅकनंतर बधिर झालेला हृदयाचा स्नायू काही आठवड्यांत सावरू शकतो, म्हणून आजच्या ३८ वर कायमचा निष्कर्ष काढू नका. इको साधारण ६ ते १२ आठवड्यांनी करतात. तोवर अ‍ॅस्पिरिन आणि सोबतची रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी एकदाही चुकू देऊ नका. त्या बंद पडल्या तर स्टेंटमध्ये (अँजिओप्लास्टीत बसवलेल्या जाळीत) गुठळी होऊ शकते.