स्टेम सेल ट्रान्सप्लांटने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या परत येतात का? (स्क्लेरोडर्मा)

साखळीची_वैशाली:
नमस्कार. आईला सिस्टेमिक स्क्लेरोसिस (स्क्लेरोडर्मा) आहे, डिफ्यूज म्हणजे अंगभर पसरणाऱ्या प्रकारचा. हातांची कातडी घट्ट झालीय, बर्फातले बांगडे धुवायला घेतले की बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी, मग लाल होऊन ठणकतात. दोन बोटांच्या टोकांवरच्या जखमा भरतच नाहीत आणि आता सीटीत फुफ्फुसातही सुरुवात दिसलीय. डॉक्टरांनी स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) ट्रान्सप्लांटचं नाव काढलं, मावशी म्हणते नव्या पेशी जाऊन रक्तवाहिन्या दुरुस्त करतात, लगेच करून घ्या. खरंच असं असतं?

मेधा_फोंडा:
ताई, पेशी बोटात जाऊन वाहिनी बांधत नाहीत. आईच्याच रक्तातून त्या काढून गोठवून ठेवतात, मग जबर केमो देऊन बिघडलेली प्रतिकारशक्ती मोडून काढतात आणि त्याच पेशी परत चढवतात, म्हणजे रक्त आणि प्रतिकारशक्ती नव्याने उभी राहते. वाहिन्यांवरचा मारा थांबला तर त्या सावरू शकतात. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून बघतात ना, कॅपिलरोस्कोपी, त्यात फुगलेल्या वाहिन्या आणि मधेमधे ओसाड जागा दिसतात, ट्रान्सप्लांटनंतर काही पेशंटांत तिथे पुन्हा वाहिन्या दिसल्यात. सगळ्यांत नाही. नुसत्या बोटांसाठी हा उपचार करत नाहीत, कातडी झपाट्याने आवळतेय आणि फुफ्फुसं धरली जातायत अशांसाठी करतात.

बार्देशकर:
बाय, घाई करू नको पण फार रेंगाळूही नको. युरोपातल्या अ‍ॅस्टिस ट्रायलमध्ये (2014, 156 पेशंट) ट्रान्सप्लांट झालेल्यांपैकी साधारण 10 टक्के लोक पहिल्याच वर्षी उपचारामुळे गेले, पुढच्या वर्षांत मात्र नुसतं औषध घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले ते हेच. अमेरिकेतल्या स्कॉट ट्रायलचा (2018, 75 पेशंट) निकालही ट्रान्सप्लांटच्याच बाजूने लागला. म्हणून आधी हार्ट नीट तपासून घ्या, नुसत्या इकोवर भागवू नका, एमआरआय आणि कॅथेटरने प्रेशर मोजायचं का ते विचारा. हार्ट कमजोर असेल तर केमोच झेपत नाही.

साखळीची_वैशाली:
10 टक्के वाचून पोटात गोळाच आला. प्रतिकारशक्ती दाबायला मायकोफेनोलेट चालू आहे, बोटांतल्या रक्तवाहिन्या सैल करायला निफेडिपिन. पुढच्या आठवड्यात बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) जातोय, हार्टचं तेव्हाच विचारते.

मेधा_फोंडा:
निफेडिपिन असूनही जखमा भरत नसतील तर सिल्डेनाफिल, बोसेंटान, इलोप्रोस्ट या रक्तवाहिन्यांवरच्या दुसऱ्या औषधांचं पण विचारा, ट्रान्सप्लांटचं ठरेपर्यंत बोटं वाचवायची आहेत. मासळी आता दुसऱ्या कोणीतरी धुवा, एसी बसमध्ये हातमोजे घाला म्हणावं आणि घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर त्याला बाहेर काढा. जखमेत पू झाला किंवा बोट काळं पडायला लागलं तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या.