सॉफ्टबॉल: १४ खालच्या मुलींचे संघ ताकदीनुसार कसे वाटायचे?

रावेरचा केळीवाला
राम राम मंडळी. आमच्या गावच्या शाळेत मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ आहे. माझी पोरगी सातवीत, कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे मास्क घालून बॉल झेलणारी. मला खेळातलं कळतं ते मैदानाच्या कडेला उभं राहून कळतं तेवढंच.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आठ शाळांना बोलावून स्पर्धा घेतली. वर्गणी, मांडव, पोहे, सगळं झोकात. आणि पहिल्याच सामन्यात शहरातल्या एका तयार संघानं आमच्यावर पहिल्या इनिंगमध्येच १९ धावा चढवल्या. तीन गडी बाद व्हायला पाऊण तास लागला, भो. पोरगी रडत होती हे तिनं मास्क काढल्यावर कळलं.

वयाचे दाखले सगळ्यांचे चोख होते. पण वय सारखं म्हणून ताकद सारखी थोडीच! अमेरिकेतली माझी चुलतबहीण सांगते, तिची लेक ‘१२-यू बी’ खेळते. हे ‘बी’ काय प्रकरण आहे? आपल्याकडे जमेल का?

पारोळ्याची, सध्या टेक्सास
भाऊ, ‘यू’ म्हणजे अंडर, तो वयाचा गट: १०, १२, १४ असे दोन-दोन वर्षांनी. त्यापुढचं ए, बी, सी हे ताकदीचं. संघटनेगणिक नावं थोडी बदलतात. ढोबळमानानं, लांबलांबून मुली निवडून वर्षभर खेळणारा संघ ‘ए’त, आणि आपल्याच वस्तीच्या लीगमधल्या मुली गोळा करून केलेला ‘सी’त. बी अधलंमधलं. वर जाऊन खेळायला कुणी अडवत नाही, खाली उतरायचं असेल तर मात्र परवानगी लागते. तरी लबाडी चालतेच. चषकासाठी चांगला संघ खालच्या गटात नाव घालतो, त्याला इथे ‘सँडबॅगिंग’ म्हणतात. त्यावरून आईबापांची जी भांडणं होतात, ती ऐकून मला आपल्या बाजारसमितीची आठवण येते.

निवृत्त पीटी मास्तर, अमळनेर
केळीवाले भाऊ, आधी एक सांगा. त्या १९ धावांत हिट, म्हणजे बॅटनं मारून बेस गाठलेले फटके, किती होते? स्कोअरशीट असेल तर बघा.

रावेरचा केळीवाला
सर, शाळेत जाऊन बघितलं. हिट चारच! १४ वॉक, म्हणजे पिचरचे चार बॉल बाहेर गेले म्हणून फुकटात मिळालेला पहिला बेस. बाकी आमच्या हातून सुटलेले बॉल.

निवृत्त पीटी मास्तर, अमळनेर
वाटलंच. म्हणजे त्यांनी तुम्हाला मारलं नाही, तुमच्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणारीला, स्ट्राइक (मारता येण्याजोगा सरळ बॉल) पडत नव्हता. या वयात संघाची ताकद म्हणजे निम्म्याहून जास्त पिचर. हात खालून गरकन फिरवून बॉल प्लेटवरून (बॅटरपुढची जमिनीतली पाटी) काढणं वर्षभराच्या घोटण्याशिवाय येत नाही. पोरींची बॅटिंग बघून गट पाडाल तर फसाल.

माझी जुनी पद्धत सांगतो. सामन्याआधी प्रत्येक पिचरला २० बॉल टाकायला लावायचे. दहाच्या वर स्ट्राइक तर वरचा गट, सहाच्या खाली तर खालचा. मधल्यांसाठी सकाळी दोन-दोन इनिंगचे सामने घ्या आणि जेवणाआधी गट जाहीर करा. कोणत्याही मास्तरला ‘तुमचा संघ कसा आहे’ विचारू नका, गरजेप्रमाणे सगळे नम्र होतात. आणि ताई म्हणाल्या ती लबाडी आपल्याकडेही आहे: चांगली पिचर सकाळी डगआउटमध्ये बसवायची, दुपारी खालच्या गटात काढायची. नियम करा, सकाळी जिनं २० बॉल टाकले नाहीत ती दुपारी पिचिंग करणार नाही.

खालच्या गटाला पिचर ते प्लेट अंतर कमी ठेवा. ताई, तिकडे १२ खालच्यांना ४० फूट आणि १४ खालच्यांना ४३ ना?

पारोळ्याची, सध्या टेक्सास
हो सर. दहा खालच्यांना ३५, त्यांचा बॉलही लहान, ११ इंची. बाराखालच्यांपासून १२ इंची.

धुळ्याचा पोऱ्या
सर, पण खालचा गट म्हणजे पोरींच्या कपाळावर शिक्काच की. शालेय स्पर्धेत १४, १७, १९ असं वयच बघतात. तिथे उतरायचं तर मारही खायला शिकावं.

निवृत्त पीटी मास्तर, अमळनेर
बाबा, मार खाऊन शिकायला आधी बॉलला हात तर लागला पाहिजे. १४ वॉकमध्ये फील्डरनं काय शिकायचं? उभं राहायला? शालेय स्पर्धा तिच्या नियमानं होऊ दे. ही गावची आहे, हिच्या सर्टिफिकेटवर दहावीला सवलतीचे गुण मिळत नाहीत. गटांना तापी आणि गिरणा नाव द्या. दुपारपर्यंत सगळ्यांना कळेलच कुठला कोणता, पण कागदावर ‘सी’ दिसणार नाही.

रावेरचा केळीवाला
सर, काल संध्याकाळी चुन्यानं ४० फूट आखून २० बॉल टाकायला लावले. आमच्या पिचरचे पाच. मग माझी पोरगी म्हणे मी टाकते, तिचे नऊ! आता दोघी एकमेकींशी बोलत नाहीत आणि कॅचर कोण होणार हा नवा घोळ. मी चुन्याची अजून एक गोणी सांगून ठेवलीय.