उपाशीपोटीची अट का नाही

गरोदरपणातल्या मधुमेहाची टेस्ट उपाशीपोटी केली नाही तर ती अर्धवटच, असं काहीजण म्हणतात; ते पटलं नाही. डिप्सी या भारतीय अभ्यासगटाच्या पद्धतीत जेवण झालेलं असो-नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात. दोन तासांनी शुगर 140 किंवा जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. एसटी बदलून दवाखान्यात पोचलेल्या बाईला 'उद्या उपाशी ये' म्हटलं तर ती परत येईलच असं नाही, म्हणून ही सोय.

पण डब्ल्यूएचओच्या 2013 च्या निकषात उपाशीपोटी 92, तासाने 180, दोन तासांनी 153, यांतलं एक जरी गाठलं तरी निदान होतं. माझ्या बहिणीची उपाशीपोटी 97 आणि दोन तासांनी 131 आली. नुसत्या डिप्सीवर तिचं निदान राहून गेलं असतं! घरात मधुमेह असेल तर उपाशीपोटीचीही करून घ्याच.