मदत हवी आहे : आंब्याच्या पुस्तिकेत संदर्भ कसे द्यावेत, की वाचणाऱ्याचा घोटाळा होणार नाही?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या बागायतदारांसाठी हापूसच्या बागेवर पुस्तिका लिहितोय. शंभरेक पानं होतील. मजकूर बराचसा तयार आहे, गाडं अडलंय ते संदर्भांपाशी. पुस्तकं काढलेली, संपादन केलेली माणसं इथे आहेत, म्हणून विचारतो.

पहिल्या खर्ड्यात मी संशोधन-लेखांत असतात तसे आकडे दिले होते. वाक्य संपलं की वर बारीक १, २, ३ आणि त्याच क्रमाने शेवटी यादी. वैद्यकीय नियतकालिकांत चालते ती ही व्हँकुव्हर पद्धत. सुटसुटीत आहे, वाचताना ओळ अडत नाही. कल्टारच्या (मोहोर यावा म्हणून झाडाच्या मुळाशी जमिनीत घालतात ते औषध) प्रकरणात कृषि विद्यापीठाची मात्रा लिहिली : झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजायचा आणि मात्रा द्यायची ३ मिली प्रति मीटर. वाक्य 'मीटर'वर संपलं, आणि यादीतला तो संदर्भ नेमका दुसरा. म्हणजे 'मीटर'च्या डोक्यावर बारीक २.

खर्डा काकांना वाचायला दिला होता. त्यांनी हायस्कुलात गणित शिकवण्यात उमर घालवली, आता बाग बघतात. दोन दिवसांनी फोन : "एका झाडाक दीडशे मिली घालूचा? झाड रवतला काय रे?" मला काही उलगडेना. मग त्यांनी हिशेब सांगितला. झाडाचा व्यास ८ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ५० चौरस मीटर, गुणिले ३. हिशेबात चूक नव्हती. खरी मात्रा होती २४ मिली. माझा संदर्भाचा २ त्यांनी वर्ग म्हणून वाचला, आणि तिथे तो तसाच वाचला जाणार. काकांनी निदान फोन केला. कल्टार जमिनीत बराच काळ राहतं. जास्त पडलं तर पालवी आखूड आणि दाटीने येते, मोहोर आकसतो. झाडावर झालेली चूक शुद्धिपत्राने दुरुस्त होत नाही.

नंतर तेच पान कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकून पाहिलं, कारण अशी माहिती गावात फिरते ती तशीच. वरचा आकडा खाली ओळीत येऊन बसला. मात्रेच्या आकड्याला लागून संदर्भ असला, तर दोन्ही मिळून तिसराच आकडा होतो.

मग लेखक-साल पद्धत घेतली, कंसात नाव आणि वर्ष. पण आमच्या विषयातल्या शिफारशी बहुतेक संस्थेच्या नावावर असतात. 'डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठ, दापोली' एवढं दर परिच्छेदात कंसात घातलं, की वाचणारा कंसातून बाहेर येईस्तोवर वाक्याची सुरुवात विसरतो. संस्थेचं नाव वाक्यातच घेऊन कंसात नुसतं साल ठेवलं, तर आणखी पंचाईत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या रत्ना जातीपुढे मी असं साल दिलं होतं. ते माझ्या हाताशी असलेल्या पुस्तकाचं. वाचणाऱ्यांनी ते जातीचं धरलं. रत्ना १९८१ ची आहे.

तळटिपा मला स्वतःला आवडतात, पण मोबाइलवर त्या दिसत नाहीत आणि 'तत्रैव', 'उ. नि.' हे आधीच्या संदर्भाकडे बोट दाखवणारे शब्द आमच्या वाचकाला परके आहेत. मराठी विश्वकोशासारखे प्रकरणाच्या शेवटी सगळे संदर्भ एकत्र दिले, तर कोणतं विधान कुठून आलं ते कळत नाही.

मग चार-पाच जणांना घेऊन पडवीत बसलो आणि सरळ विचारलं, तुम्हाला काय कळायला हवं? पान क्रमांक कोणीच मागितला नाही. प्रत्येकाला हवं होतं ते हे, की असं म्हणतं कोण? विद्यापीठ म्हणतं, कंपनीच्या कागदावर आहे, की कुणा बागायतदाराचा अनुभव? साका (पिकलेल्या हापूसच्या गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) टाळायला फळ चौदा आणे, म्हणजे सोळातले चौदा भाग, तयार झालं की उतरवावं, हे जुनी माणसंही सांगतात आणि विद्यापीठाचीही तीच दिशा आहे. तिथे दोन्ही सांगितलं की वाचणारा निर्धास्त होतो.

म्हणून आता असं करतोय : कोणाचं म्हणणं ते वाक्यातच लिहायचं, आकड्याला काहीही चिकटवायचं नाही, आणि प्रकरणाच्या शेवटी 'कल्टारची मात्रा', 'साका' अशा शब्दांखाली पूर्ण संदर्भ पानासकट द्यायचा. मला हे पटलंय. पण तपासून देणारे एक प्राध्यापक म्हणतात, क्रमांक नसले तर पुस्तिकेला कोणी शास्त्रीय म्हणणार नाही. मराठीत अशा शब्दवार टिपा कोणी केल्या आहेत का? आणि इंग्रजी लेखांची नावं रोमनमध्येच ठेवावीत, की देवनागरीत?

भर (रात्री ९) : अभियांत्रिकीच्या पुस्तकांतल्यासारखा चौकटी कंसातला आकडा सुचवलात, आभार. लगेच करून पाहिलं. कॉपी केल्यावर कंस टिकतो आणि काकांनी मात्रा २४ मिली अशीच वाचली. प्राध्यापकांसाठी तो वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामानंतर ठेवीन. राहिला प्रश्न फवारणीच्या तक्त्याचा. तिथे दर चौकटीत मात्रा आहे आणि दर मात्रेचा संदर्भ वेगळा. एक रकाना 'कोणाची शिफारस' असा वाढवला तर तक्ता पानात मावत नाही, आडवा छापावा लागतो. कोणी असा तक्ता केला असेल तर पानाचा फोटो टाका. कल्टार जुलै-ऑगस्टात घालतात, त्यामुळे पुस्तिका मृगाआधी हातात पडायला हवी.