कोलोरॅडोत एल्कची शिकार झाल्यावर मांस कसं सांभाळायचं? भाच्यानं बोलावलंय

कोपरीचा मामा

नमस्कार मंडळी. ठाण्यात कोपरीला आमचं मटणाचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी वाढवलं, एकतीस वर्षं मी ठोकळ्यावर उभा राहिलो, आता मुलगा बघतो. माझा भाचा कोलोरॅडोत नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वी त्यानं तिथला शिकारीचा कोर्स केला, परवाना काढला, आणि मागच्या वर्षी त्याला एक म्यूल डिअर, म्हणजे तिकडचं एक हरीण, मिळालं. यंदा त्याच्याकडे एल्कचा, म्हणजे तिकडच्या सांबरासारख्या मोठ्या हरणाचा, टॅग (एक जनावर मारायची परवानगी-चिठ्ठी) आहे, रायफलच्या दुसऱ्या सीझनचा, म्हणजे ऑक्टोबरची अखेर. आम्ही दोघं नवराबायको त्याच सुमारास तिकडे जातोय. फोनवर म्हणाला, "मामा, गोळी मी घालीन, पण पुढचं तुमच्याशिवाय जमणार नाही. गेल्या वेळी मी मांसाचं पार वाटोळं केलं." फोटो पाठवले होते त्यानं. बघवेना. पाठीचा जो मऊ भाग आमच्याकडे गिऱ्हाईक सकाळी सहाला येऊन मागतं, तो केसांनी माखलेला. मांडीवर सुऱ्याचे आडवेतिडवे घाव.

मला बकरा माहीत आहे. बारा-पंधरा किलोचा, आकड्याला उलटा टांगलेला, खाली फरशी, बाजूला नळ. पहाटेचा माल दुपारी एकच्या आत संपवायचा ही घरची शिस्त, ठाण्याच्या हवेत दुसरा इलाज नाही. इथे जनावर दोन-अडीचशे किलोच्या पुढचं, डोंगरात कुठेतरी आडवं पडलेलं, ना आकडा ना पाणी, गाडी दोन मैल लांब. ते टांगणार कसं? न टांगता सोलता येतं का? थंडीत मांस किती वेळ तग धरतं? घरी आणल्यावर लगेच फ्रीझरला टाकायचं की थांबायचं? माझे सुरे नेता येतील का?

आणखी एक. बायकोला हे पटत नाहीये. ती म्हणते, आपण विकतो ते पाळलेलं, हे रानातलं. आणि हरीण मारल्यावर माणसं तुरुंगात जातात. मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. आणि माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, कळव्याला असते. ती म्हणते, येताना दोन किलो घेऊन ये, पोरानं मिळवलेलं आहे. आणता येईल का?

ज्यांनी स्वतः हाताळलंय त्यांनी सांगावं.

नेरुळकरीण

मामा, टांगायचं मनातून काढून टाका. जनावर पडलं तिथेच, कुशीवर ठेवून सगळं काम होतं, आणि पोट न फाडता होतं.

आम्ही अकरा वर्षं कोलोरॅडोतच ग्रँड जंक्शनला होतो. नवरा आणि त्याचे एक सहकारी दर वर्षी शिकारीला ग्रँड मेसाच्या पठारावर जायचे. सुरुवातीला मी नुसती डबे बांधून द्यायचे, मग बरोबर जाऊ लागले, आणि शेवटची सात वर्षं सोलण्यापासून पाठीवर वाहून आणण्यापर्यंत सगळं केलं. आता नेरुळला परत आलोय.

मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या कण्यावरून कातड्याला एकच चीर द्यायची. पण सुऱ्याचं पातं कातड्याखाली घालून धार वर ठेवायची, म्हणजे आतून बाहेर कापलं जातं. वरून कापलं की केस तुटतात. एल्कचे केस जाड आणि पोकळ असतात, तुटलेला केस ओल्या मांसाला असा चिकटतो की पाण्यानंही निघत नाही. भाच्याच्या हरणाचं तेच झालंय. मग कातडं पोटाकडे सोलत न्यायचं आणि जमिनीवर पसरायचं, तीच तुमची फरशी. पुढचा फरा नुसत्या मांसावर बसलेला असतो, सांधा नसतो, हे तुम्हाला सांगायला नको. मग पाठीचा लांब पट्टा, मानेचं मांस, खुब्याची वाटी शोधून मागची मांडी. मग जनावर उलटवून दुसरी कूस. सत्तूर घरीच ठेवा. हाड तोडायचंच नाही, सगळं सांध्यावर. पाच-सहा इंचांचा लवचीक सुरा आणि धार लावायची कांडी एवढं पुरे, पण ते विमानात चेक-इनच्या बॅगेत.

एक गोष्ट हाताला आधीच शिकवून ठेवा. कोलोरॅडोत जनावर नर की मादी याचा पुरावा (वृषण किंवा कास) मांसाला अंगचाच चिकटलेला राहावा लागतो, नाहीतर वाटेत अधिकाऱ्यानं तपासलं तर भाच्यावर येईल. तुमचा सरावाचा हात तो भाग सगळ्यात आधी कापून फेकेल. एका मांडीला तो ठेवा. टॅगही मांसाबरोबरच. आणि चारी फरे, पाठीचे दोन्ही पट्टे, कण्याच्या आतल्या बाजूचे दोन मऊ तुकडे एवढं तरी आणावंच लागतं, खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं तिथे गुन्हा आहे.

आता थंडीचं सांगते, कारण आम्ही तिथेच फसलो.

पहिल्या वर्षी नवऱ्यानं संध्याकाळी उशिरा एक मादी पाडली. अंधार पडला होता, सगळे दमले होते. रात्री पारा शून्याखाली जाणार होता. त्यांनी पोट साफ केलं, कातडं तसंच ठेवलं, जनावर बर्फावर सोडलं आणि तंबूत आले. सकाळी वरून हात लावला तर लाकूड. सगळे खूश. दोन दिवसांनी घरी, ओट्यावर, मी खालच्या बाजूची मांडी घेतली. वरचं मांस गडद लाल, सुरेख. सुरा हाडाच्या कडेनं आत उतरवत खुब्याच्या गोळ्यापर्यंत नेला आणि वास आला. कुजल्याचा नव्हे, गोडसर, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. हाडाभोवतीचं मांस करडं-हिरवट झालं होतं. अठरा किलो मी पिशवीत भरून फेकलं. नवरा त्या रात्री जेवला नाही. बर्फावर ठेवलं म्हणजे गार झालं असं नसतं. खालच्या बाजूला अंगाची ऊब तशीच कोंडून राहते, वरचे केस गोधडीसारखे.

म्हणून कितीही उशीर होवो, कितीही थंडी असो, कातडं त्याच वेळी उतरवा आणि मांड्या सुट्या करा. सुती पिशव्यांत घालून सावलीत फांदीला टांगा, चारी बाजूंनी वारा लागला पाहिजे. प्लास्टिकची पिशवी चुकूनही नको. दुपारी ऊन तापत असेल तर मागच्या मांडीचं हाड तिथेच काढून टाका. तुम्ही ठाण्यात पहाटे पाच ते दुपारी एक जे घड्याळ सांभाळता ना, तेच तिथे आहे, फक्त गोळी लागल्या क्षणी सुरू होतं.

घरी आणल्यावर लगेच फ्रीझर नको. ताठर असतानाच गोठवलं तर वातड होतं. एक ते चार अंशांत चार-पाच दिवस ठेवा. मग चरबी आणि पांढरा पडदा पूर्ण काढा. आपल्याकडे गिऱ्हाईक चरबी मागून घेतं, एल्कची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते. खिम्यात बकऱ्याची चरबी मिसळा. नळ्या मात्र टाकू नका, कुकरला नेहमीच्या दुप्पट शिट्ट्या, वाटण मालवणी. मी भाकरीबरोबर वाढायचे. पाठीचा पट्टा उलट, तव्यावर दोन-दोन मिनिटं, जास्त नाही.

गोळी लागलेल्या जागेभोवतीचं वीतभर मांस निर्दयपणे काढा. शिशाची गोळी असेल तर तिचे कण दिसतात त्याच्या बरेच पुढे गेलेले असतात. भाच्याला तांब्याच्या गोळ्या घ्यायला सांगा.

आणि तब्येत, मामा. हाडासकट एक मागची मांडी पंचवीस किलोच्या आसपास असते. आपल्या कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फूट आहे, तुम्ही नऊ-दहा हजारांवर असाल. आधी दोन-तीन दिवस वर राहून घ्या, पाणी पीत राहा, वजन पोरांना उचलू द्या. शिकाऱ्याला कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत केशरी कपडा आणि तशीच टोपी सक्तीची आहे, गुलाबीही चालते. तुम्ही दोघंही घाला. रायफलला मात्र हात लावू नका. पाहुण्याच्या व्हिसावर असताना तिथल्या शिकारीच्या परवान्याशिवाय बंदूक हातात घेणं केंद्राच्या कायद्यात अडकतं, "जरा धर" म्हणालं कोणी तरी नाही.

येऊरच्या पायथ्याशी

मामा, मी येऊरला जंगलात स्वयंसेवक म्हणून जातो. भेकरांसाठी लावलेले तारेचे फासे मी स्वतः काढलेत. एकदा फाशात अडकलेलं भेकर जिवंत मिळालं होतं, पाय हाडापर्यंत कापलेला, ते आमच्यासमोरच गेलं. त्यामुळे तुमचा धागा उघडताना मला बरं वाटत नव्हतं. पण मामींचा प्रश्न खरा आहे, त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात आधी परवान्यानं शिकार होती, १९९१ च्या दुरुस्तीनंतर तीही गेली. सांबर, चितळ, भेकर, काहीही मारणं किंवा त्यांचं मांस जवळ बाळगणं गुन्हा आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण आपल्याकडे उरलंयच किती? एल्कचा जवळचा नातेवाईक म्हणजे काश्मीरचा हंगुल. तो दाचीगाममध्ये काही शेकड्यांत आहे.

एल्कवरही तीच पाळी आली होती. एकोणिसाव्या शतकात बाजारात विकण्यासाठी तो इतका मारला गेला की कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्क गावाजवळ १९१३-१४ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून एल्क आणून सोडावे लागले. आज अमेरिकेत सगळ्यात जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत. हे कशानं झालं? शिकारीचे दिवस ठरले, किती टॅग द्यायचे ते कळप मोजून ठरू लागलं. बंदुका-काडतुसांवरचा कर, रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के, १९३७ च्या कायद्यानं वन्यजीवांसाठी राखून ठेवलाय. आणि माझ्या मते सगळ्यात मोठं म्हणजे रानातल्या शिकारीचं मांस विकायला बंदी. हॉटेलात एल्क मिळतो तो फार्मवर पाळलेला. तुमचा भाचा त्या मांसाचा एक तुकडाही विकू शकत नाही. घरी खायचं किंवा वाटायचं. मामींना हे सांगा: जनावराला किंमत लागली की ते संपतं, हे तिथे एकदा होऊन गेलंय.

दोन किलो मात्र आणू नका. परदेशातलं मांस सरकारी आयात परवान्याशिवाय आणता येत नाही, विमानतळावर जप्त होईल. ताईंना फोटो दाखवा.

ऐरोलीचा पशुवैद्य

वरच्या दोघांनी बरंच सांगितलंय, माझं एकच. कोलोरॅडोत हरणांमध्ये आणि एल्कमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे जनावर झिजत झिजत मरतं असा मेंदूचा रोग, आहे. तो पहिल्यांदा दिसला तोही तिथेच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात, १९६७ मध्ये. प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, आणि ते प्रथिन शिजवून मरत नाही. कुकरच्या दहा शिट्ट्या झाल्या तरी नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नये असाच तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. जनावर वरून धडधाकट दिसत असतानाही बाधित असू शकतं, म्हणून नजरेवर विसंबू नका, तुमच्यासारख्या अनुभवी नजरेवरही नाही.

जनावराचं डोकं तपासणीसाठी तिथल्या वन्यजीव खात्याला द्यायचं, ते घशामागच्या लसिकाग्रंथी तपासतात. काही भागांत तपासणी सक्तीची असते, नसली तरी करून घ्या. निकाल येईपर्यंत पाकिटं वेगळी ठेवा, पाहुण्यांना वाटू नका. हातमोजे घाला, कण्यात सुरा घालू नका. भेजा आणि मुंडी आपल्याकडे आवडीनं खातात, तिथे अजिबात नको.

कोपरीचा मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हिला सगळं वाचून दाखवलं. विकायला बंदी आहे हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मी डोंगरात येणार नाही, पण घरी आणाल ते मी शिजवीन. भेज्याचं मला माहीतच नव्हतं, मी तर भाच्याला भेजा फ्रायचं सांगून बसलो होतो. आजच फोन करून नको म्हटलं. बहिणीलाही समजावलं.

ताई, आज दुपारी दुकान बंद झाल्यावर मी एक करून पाहिलं. घरच्यासाठी ठेवलेला बकरा टांगलाच नाही, गोणपाटावर कुशीवर ठेवला आणि तुम्ही सांगितलं तसा पाठीवरून सोलला. मुलगा घड्याळ लावून उभा होता. पुढचा फरा सहज निघाला. धार वर ठेवून चीर देताना मात्र हात दोनदा चुकला, एकतीस वर्षांची सवय आहे. एक कूस व्हायला बावीस मिनिटं लागली. पण कण्याच्या आतला मऊ तुकडा काढताना अडलो. पोट न फाडता तिथे हात घालायचा म्हणजे आतडी मध्ये येतात, सुरा चालवायची भीती वाटते. तो कसा काढता?

नेरुळकरीण

सुरा जवळजवळ लागतच नाही, मामा. शेवटच्या बरगडीच्या मागे, कण्याला लागून वीतभर चीर द्या. भाच्याला समोर बसवून दोन्ही तळव्यांनी पोट खाली दाबून धरायला सांगा, आतडी खाली सरकतात आणि जागा होते. मग बोटं कण्याच्या कडेनं घाला आणि तुकडा सोडवत या, दोन्ही टोकांनाच काय तो सुऱ्याचा घाव. बकऱ्यात जागा तोकडी असते म्हणून अडलात, एल्कमध्ये कोपरापर्यंत हात जातो. पोट फुगायच्या आत करायचं एवढंच, म्हणून पहिली कूस झाली की लगेच तोच काढा.