कडप्प्याच्या जुन्या ओट्यावर इपॉक्सी ओतायचंय, सोलापूरच्या उन्हात जमेल का?

ओटा_जुळेसोलापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. स्वयंपाकघरातला ओटा १० फूट लांब, २ फूट रुंद, कडप्प्याचा. तीन लाद्या आहेत. एक सांधा उघडा पडलाय आणि सिंकच्या कोपऱ्यापासून केसासारखी चीर गेलीय. ग्रॅनाइट बसवायचा म्हटलं तर खालच्या ट्रॉल्या, मागच्या टाइल्स, सगळंच उचकटावं लागेल. म्हणून वरूनच इपॉक्सी (दोन घटक कालवून ओतलं की जमून कडक होतं ते) ओतायचं, आणि घरच्या घरी, असं ठरवतोय.

कडप्प्यावर ते थेट धरतं का, की आधी प्लाय टाकावा? माल किती आणावा? आत्ता एप्रिल आहे, दुपारी पंख्याखालीही घरात ३८ अंश भरतात, तर पावसाळा लागेपर्यंत थांबावं का? ओट्यावर दोन बर्नरची शेगडी आहे, रोज भाकरी होते. रंग पांढरा, संगमरवरासारखा हवाय.

रसायन_होटगीरोड

आधी शेगडीचं बोलू, कारण तिथेच हे काम फसतं. घरच्या तापमानाला जमलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. शिट्टी झालेल्या कुकरच्या आत १२० अंश असतात, भाकरीचा तवा तर २०० च्या वर जातो. असं भांडं टेकलं की थर जळत नाही, पण दबतो. गार झाल्यावर पुन्हा कडक होतो, मात्र कडी उमटलेली राहते ती राहतेच. डब्यावर 'उष्णतारोधक' लिहिलेलं असलं तरी त्या आकड्यावर विसंबू नका. तेवढी ताकद यायला बहुतेक मालाला जमल्यानंतर काही तास ६०-८० अंशांत शेकवावं लागतं, आणि ओटा काही भट्टीत घालता येत नाही.

म्हणून शेगडीखाली अडीच फूट बाय दोन फूट जागा दगडाचीच ठेवा. १५ मिमी जाडीचा ग्रॅनाइटचा तुकडा कडा गोल करून टाइल ॲडेसिव्हने बसवा आणि इपॉक्सी त्याला भिडवून ओता. तुकडा अर्धा इंच वर राहतो. बाकी ओट्यावर गरम भांडं ठेवायचं ते लाकडी पाटावर नाहीतर जाड चुंबळीवर. घरातल्या सगळ्यांना ही सवय लागणार नसेल तर इपॉक्सीच्या भानगडीत पडूच नका, असं मी स्पष्ट सांगेन.

आता माल. १ चौरस मीटरवर १ मिमी थर म्हणजे बरोबर १ लिटर, एवढं सूत्र पुरतं. तुमचा ओटा २० चौरस फूट. त्यातून शेगडीचे ५ आणि सिंकच्या भोकाचे ३ वजा केले की १२ उरले, म्हणजे १.११ चौरस मीटर. ३ मिमी थराला ३.३५ लिटर, वजनात साधारण ३.७ किलो. कडेवरून ओघळणारा आणि बादलीला चिकटणारा माल धरून १५ टक्के जादा, ४.२ किलो. सीलच्या, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवायला आधी मारायच्या पातळ इपॉक्सीच्या, दोन हातांना चौरस मीटरला १५० ग्रॅमप्रमाणे आणखी ३३० ग्रॅम. रेझिन आणि त्याला कडक करणारं हार्डनर मिळून पाच किलो आणा. विचारताना 'टेबल टॉप' किंवा 'कोटिंग' प्रकारचं मागा. नदीवाल्या (दोन फळ्यांमधे रेझिनचा नदीसारखा पट्टा असलेल्या) टेबलांसाठी मिळणारं जाड ओतायचं रेझिन पातळ थरात दोन-दोन दिवस चिकटच राहतं.

पावसाळ्याची वाट बघणं मात्र उलटं ठरेल. हवेत ८५ टक्क्यांच्या आसपास दमटपणा असला की हार्डनरमधलं अमाइन हे रसायन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतं आणि वर मेणचट, दुधाळ साय धरते. त्या मानाने आपली एप्रिलची कोरडी हवा चांगली. अडचण फक्त उष्णतेची आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की हातात मिळणारा वेळ निम्मा होतो. डब्यावर २५ अंशांना ४० मिनिटं लिहिली असतील तर ३५ ला वीसच धरा. त्यात माल बादलीत साठून राहिला तर स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापतो. दोन-तीन किलो एकदम कालवून बोलत उभे राहिलात तर बादलीतून धूर निघेल. एका वेळी दीड किलोच कालवा आणि लगेच ओट्यावर पसरून टाका. पसरलेल्या थरातली उष्णता निघून जाते. कुणाला घाई नसेल त्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं, तोच आपल्याकडचा खरा हंगाम.

पांढऱ्या रंगाबद्दल: इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं आणि पांढऱ्यावर ते पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच दिसतं. खिडकी पूर्वेची किंवा पश्चिमेची असेल तर करडा किंवा काळा रंग घ्या, त्यात पांढऱ्या शिरा काढा. पांढराच हवा असेल तर वरून दोन घटकांचं ॲलिफॅटिक पॉलियुरेथेन (उन्हाने पिवळं न पडणारं पारदर्शक कोटिंग) मारावंच लागेल. भिंतीच्या रंगात घालायचा पाण्याचा स्टेनर यात चुकूनही नको, पाण्याने थर मऊ आणि धुरकट होतो. कोरडी पावडर किंवा इपॉक्सीची पेस्ट घ्या, तीही वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत.

कडप्पा_थापी

थेट कडप्प्यावर धरतं, पण आहे त्या अवस्थेत नाही. वर्षानुवर्षांचं फोडणीचं तेल दगडात मुरलेलं असतं आणि वरून पॉलिश. आधी भांड्याचा साबण आणि गरम पाण्याने दोनदा घासून काढा, मग ग्राइंडरला डायमंडचं कप व्हील (दगड घासायची वाटीसारखी चकती) लावून चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा. आधी तेल काढायचं आणि मगच घासायचं, उलट केलं तर तेल दगडात आणखी खोल चोळलं जातं. धूळ प्रचंड उडते, दारं-खिडक्यांना प्लास्टिक लावा. धूळ पुसून ॲसिटोनचा फडका फिरवा. त्यावेळी शेगडी आणि सिलिंडर दोन्ही घराबाहेर पाहिजेत, नुसता रेग्युलेटर बंद करून भागत नाही.

मग पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब पसरला तर दगड तयार. मण्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आहे, पुन्हा साबणापासून सुरू. ओल वाटली तर दोन दिवस उघडा ठेवा, आपल्या हवेत तेवढ्यात सुकतो.

चिरेचं काम वरवर करू नका. लादी खालून हलतेय का ते पाहा, मुठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर आधी खालचा आधार पक्का करा. हलणाऱ्या दगडावर कितीही इपॉक्सी ओता, तीच चीर वर दिसणार. लादी घट्ट असेल तर चीर आणि सांधा ग्राइंडरने ५-६ मिमी खोल, व्ही आकारात उघडा. इपॉक्सीत सिलिका पावडर श्रीखंडाइतकी घट्ट कालवून भरा आणि वरून दोन इंच रुंद काचतंतूच्या मॅटची पट्टी इपॉक्सीत भिजवून बसवा. जमल्यावर घासून सपाट.

पाणसळ लावायला विसरू नका. आपले ओटे गवंडी मुद्दाम सिंककडे उताराचे करतात. इपॉक्सी पाण्यासारखं समपातळी शोधतं, म्हणजे उतार ८ मिमीचा असेल तर सिंककडे माल साचेल आणि दुसरं टोक उघडं पडेल. उतार ३ मिमीपेक्षा जास्त निघाला तर सखल भाग त्याच सिलिकाच्या लगद्याने आधी उचलून घ्या.

रंधा_पटाशी

वरच्या दोघांशी सहमत आहे, पण तीनपैकी एक जरी लादी हलत असेल तर मी प्लायच सांगेन. आयएस ७१० शिक्क्याचा १९ मिमीचा, मरीन म्हणतात तो. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) सिंकपाशी फुगतो, त्याचं नाव काढू नका. ओटा जवळपास एक इंचाने वर येईल. घरात रोज उभं राहून भाकरी थापणाऱ्या व्यक्तीच्या उंचीला ते झेपतं का, हे तिला विचारूनच ठरवा.

सिंकच्या भोकाची कापलेली कड हा प्लायचा सगळ्यात कच्चा भाग. तिथे सीलचे तीन हात द्या, सिंक बसवण्याआधी. खालच्या बाजूलाही एक हात हवा, नाहीतर प्लाय एका बाजूनेच ओल धरतो आणि वाकतो.

समोरच्या कडेचा कोपरा ३-४ मिमी गोल करून घ्या, प्लाय असो वा दगड. धारदार कोपऱ्यावरून इपॉक्सी मागे सरकतं आणि तिथे रंग उघडा पडतो. कडेच्या खालच्या बाजूला पुड्यांची ब्राऊन टेप लावा, इपॉक्सी तिला धरत नाही. थेंब लोंबायला लागले की दोन-तीन तासांनी, माल चिक्कीच्या पाकासारखा ताणायला लागल्यावर, पुट्टीच्या पट्टीने कापत जा. सकाळपर्यंत ठेवलेत तर ग्राइंडर लावावा लागेल.

ओटा_जुळेसोलापूर

फार उपयोग झाला, धन्यवाद. लाद्या ठोकून पाहिल्या, घट्ट आहेत, म्हणजे थेट दगडावरच करतो. अजून दोन गोष्टी विचारतो. वेळ कुठली साधावी? आणि दुकानदार म्हणतो माप २:१, तर वजनकाट्यावर २०० ला १०० असंच घ्यायचं ना?

रसायन_होटगीरोड

थांबा, इथेच गफलत होते. २:१ हे आकारमानाचं आहे की वजनाचं, ते डब्यावर बघा. रेझिन जड, हार्डनर हलका. समजा रेझिनची घनता १.१५ आणि हार्डनरची ०.९७ असेल, तर आकारमानाने २:१ म्हणजे वजनाने १०० ला ४२. तुम्ही काट्यावर ५० टाकलं की जास्तीचं हार्डनर मोकळं राहतं, थर कायमचा लिबलिबीत आणि वर चिकट घाम. 'लवकर जमावं' म्हणून मुद्दाम हार्डनर वाढवणाऱ्यांचंही हेच होतं. पत्रकात वजनाचं प्रमाण दिलं असेल तर तेच घ्या. नसेल तर मापाच्या खुणा असलेल्या दोन बरण्या वापरा.

कालवताना चार मिनिटं सावकाश, बुड आणि कडा खरवडत. मग सगळं दुसऱ्या कोरड्या बादलीत ओतून आणखी एक मिनिट. पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेलं रेझिन राहतं. बादली ओट्यावर उपडी करून निथळत ठेवली की नेमका तोच माल खाली उतरतो आणि तेवढा डाग कधीच जमत नाही.

वेळ: सीलचे हात रात्री, ओतायचं पहाटे. दिवसभर तापलेला दगड रात्री निवत असतो, त्याच्या छिद्रांतली हवा आकसते आणि सील आत ओढलं जातं. सकाळी दगड तापताना सील लावलं तर उलट होतं, हवा बाहेर येते आणि बुडबुडेच बुडबुडे. म्हणून पहिला हात रात्री ८ ला, दुसरा ११ च्या सुमारास आणि पहाटे ५ ला रंगीत थर. त्याआधी कोपऱ्यात नख टेकवून बघा. नखाची खूण उमटली पण चिकटलं नाही, तर तसंच ओता. खूण उमटत नसेल तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, पुसून मग ओता. सील करून ठेवलेल्या दगडावर पहाटेच्या थराला बुडबुड्यांची भीती उरत नाही, आणि घर त्याच वेळी सगळ्यात गार असतं.

रंगीत थर दीड ते दोन मिमी, ३ मिमीच्या दातेरी थापीने पसरा. शिरा काढायच्या त्या लगेच, ओल्यातच. दहा मिनिटांनी ब्लो टॉर्च एक वीतभर उंचीवरून, एका जागी न थांबता फिरवा. तोही फक्त इपॉक्सीवर, आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडून शिरा काढणार असाल तर तो उडून जाईपर्यंत ज्योत जवळ आणू नका. दुसरा पारदर्शक थर त्याच संध्याकाळी, तीच नखाची परीक्षा करून. पंखा बंद, वर पातळ प्लास्टिकचा मांडव. आपल्याकडची धूळ दारातून विचारत येत नाही.

मधेच माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडायला लागले तर खाली तेल किंवा सिलिकॉन आहे असं समजा. तेवढ्यावर आणखी ओतून ते बुजत नाहीत, जमू द्या, घासा, ॲसिटोनने पुसा, मग नवा थर. आणि भिंतीच्या सांध्यातलं सिलिकॉन सगळं झाल्यावरच भरायचं.

हातात नायट्रिलचे मोजे, घासताना एन९५. अंगाला लागलेलं इपॉक्सी थिनरने पुसू नका, थिनर ते कातडीत आणखी आत नेतं. कोरड्या कापडाने टिपून साबण-पाणी. एकदा ॲलर्जी जडली की ती जन्माची.

रंधा_पटाशी

२४ तासांत हात लावण्याजोगं होईल, तीन दिवसांनी हलकी भांडी ठेवा, पण पाणी आणि रोजचा स्वयंपाक सात दिवसांनंतरच. तोवर शेगडी अंगणात किंवा मागच्या खोलीत मांडा.

शेंगा चटणी कुटायला खलबत्ता या ओट्यावर घेऊ नका, जमिनीवर किंवा ग्रॅनाइटच्या तुकड्यावर. भाकरी परातीत किंवा काठवटीत थापा. हळदीचा डाग पडला तर पांढऱ्या भागावर उन्हाची तिरीप येऊ द्या, हळदीचा रंग उन्हाने उडतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग लिंबूपाण्याने पुसून लगेच धुऊन टाका. तारेची घासणी या ओट्याजवळ ठेवूच नका.

उरलेलं रेझिन आणि हार्डनर वेगवेगळं, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा. हिवाळ्यात रेझिन साखरेसारखं दाणेदार झालं तर फेकू नका. डबा कोमट-गरम पाण्यात, ५० अंशांपर्यंत, अर्धा तास ठेवला की पुन्हा नितळ होतं, आणि पुढे चरे बुजवायला तेच कामी येतं.