मदत हवी आहे: गोडोसाठीच्या टूलला किंमत लावायची, पण वापरणारी मंडळी तुटायला नकोत

नमस्कार मंडळी,

गोडो या गेम इंजिनात (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) गेम बनवणाऱ्यांसाठी मी संवाद लिहायचं एक प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचं छोटं टूल, केलंय. खेळणाऱ्यानं 'क्षमा कर' निवडलं तर गोष्ट एकीकडे, 'हिशेब दे' निवडलं तर दुसरीकडे, अशा फांद्या जोडत जायचं. जोडाक्षरं फुटत नाहीत. (२०२३ मध्ये गोडो ४ येण्याआधीचे देवनागरीचे हाल आठवत असतीलच.)

आजवर फुकट दिलं. आता वापरणारे वाढलेत आणि नोकरी सांभाळून रात्री त्यांच्या शंका निस्तरणं जड जातंय. म्हणून पैसे घ्यायचेत.

मासिक वर्गणी मला नको. २०२३ मध्ये युनिटी या दुसऱ्या गेम इंजिननं गेमच्या इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं, वर्षभरानं मागे घेतलं, पण तोवर बरेच जण गोडोकडे आले होते. दुधानं तोंड पोळलेली ही मंडळी ताकही फुंकून पिणार.

एसप्राइट या पिक्सेल-चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची पद्धत आवडते: सोर्स कोड सगळ्यांना दिसतो, स्वतः कंपाइल केलंत (कोडातून चालणारी फाइल बनवलीत) तर फुकट, तयार फाइल हवी तर साधारण २० डॉलर. लोक कटकट टाळायचे पैसे देतात. माझी पंचाईत अशी की जीडीस्क्रिप्ट या गोडोच्या भाषेतल्या प्लगइनमध्ये कंपाइल करण्यासारखं काही नाहीच. फोल्डर कॉपी केला की झालं. मग विकू काय?

इच.आयओ या गेम विकायच्या साइटवर किमान किंमत शून्य ठेवून बाकी मर्जीवर सोडता येतं, शिवाय त्यांचा वाटा किती हे आपणच ठरवायचं. स्टीम हे ऑनलाइन गेम-दुकान १०० डॉलर आधी घेतं, वर ३० टक्के कापतं. पण तिथे रुपयांत वेगळी किंमत लावता येते. १० डॉलर म्हणजे इथल्या कॉलेजच्या पोरांना आठशेच्या वर पडतात.

दुसरं, शंकांसाठीचा डिस्कॉर्डवरचा चॅट-ग्रुप चालू ठेवू का? तिथलं उत्तर गूगलला सापडत नाही. सीएसव्हीतून (तक्त्याच्या साध्या फाइलीतून) भाषांतर कसं आणायचं, हे तर रोज कोणीतरी विचारतं.

कुणी असं काही विकलंय का?

---

उत्तर: प्लगइन फुकटच राहू द्या. त्यावर बनवलेला एक छोटा, पूर्ण गेम सगळ्या फाइल्ससकट विका. नवख्याला तोच हवा असतो. स्टुडिओंना ईमेलवरची मदत वेगळ्या दरानं. आणि सीएसव्हीचं उत्तर गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) एकदा नीट लिहून डिस्कॉर्डात पिन करा, निम्मी रात्र तिथेच वाचेल.